पिवळे हात

धरमपेठच्या बसथांब्यावर अंजनाबाई वाडीच्या बसची वाट पाहत होत्या. शेजारी कॉलेजच्या दोन पोरी, जगाच्या इतिहासाचा पेपर देऊन आलेल्या.

"दीक्षा, महायुद्धात बारूद कंपनीत बायका काहून घेतल्या, त्याचं काय लिहिलं वं?"

"माणसं लढाईवर गेली म्हणून."

"बरोबर. अन् परिणाम? मी तर मताधिकार लिहिला."

"मी लिहिलं, बारूदनं त्यायचे हात पिवळे पडले. धुतले तरी रंग जाये नाही."

"पुस्तकात कुठं आहे हे? मार्क कटतीन न वं!"

"पुस्तकात नसन. मी घरी पाहिलं, मेघा."

तेवढ्यात एक ट्रक धडधडत गेला. अंजनाबाईंच्या कानावर शेवटचंच पडलं.

"...माझ्या ताईचे हात पिवळे झाले होते न."

अंजनाबाईंना लग्नाच्या गोष्टींचा भारी सोस. त्या खुलल्या.

"बरं झालं वं माय! कोणत्या गावाले देली?"

"देली नाही, मावशी. तेबी बारूद कंपनीतच होती. मागच्या महिन्यात तिथं स्फोट झाला."

"अगं माय! अन् ताई?"

"चेहरा राह्यलाच नव्हता. आईनं हातावरून ओळखली."