साठीवरचा सभासद

आमच्या दोघांच्या आरोग्य विम्यातून बायकोचं नाव काढायला मी धुळ्याच्या विमा कार्यालयात बसलो होतो. माझ्या पुढचा जिमवाला तरुण तिथल्या एजंट ताईंशी बोलत होता.

“ताई, व्यायामाचा मोठा टायर उलटवताना कोणी पडलं आणि माझ्यावर दावा ठोकला, तर जिम विकावी लागेल मला. भरपाई कंपनी देईल, असा विमा द्या.”

“साठीवरचे किती येतात, हितेंद्रभाऊ?”

“एकच. वनाआबा.”

“त्यांना बंद करा. हप्ता बराच उतरेल.”

“ते टायरला हातही लावत नाहीत हो. पोरांच्या उड्या मोजतात. तेही चुकीचं मोजतात, पोरं चिडतात.”

“मग येतात कशाला?”

“मीपण विचारलं. म्हणे, ‘तुनी काकू गयी, आते घरमा करमत नही रे भो.’”

“साठीवरचे धरले तर महाग पडेल, सांगून ठेवते.”

“पडू द्या. सकाळी मी शटर उघडायला जातो, तेव्हा ते पायरीवर बसलेले असतात.”

“जिम कुठे आहे तुमची?” मी मागून विचारलं.

त्याने वळून माझ्याकडे नीट पाहिलं.

“देवपुरात. नाना, वय काय तुमचं?”

“सदुसष्ट.”

“ताई, साठीवरचे दोन लिहा.”