न्हाणीच्या दाराचं माप

बॅटरीवरच्या खुर्च्यांच्या त्या दुकानात संतोषचा फायदा उघड होता. पाय गेलेल्या काकांनी तीनचाकी घेतली, तर त्याचा टोमॅटो रोज फुकटात बाजारात पोचणार होता.

“काका, साठ किलोमीटर पळती ही. मागं दोन क्रेट आरामात बसतात.”

“मला न्हाणीपर्यंतच जायचंय रे.”

“तिथं काकू उचलून नेतीच की!”

“दोन क्रेटांना गडी लावतोस संतोष, अन् नवरा मी एकटीनं उचलायचा?”

“लोक हसतील, काकू. काका काय घरातच फिरणार?”

“हसू दे. शेठ, ही न्हाणीच्या दाराच्या मापाची सुतळी. त्या बारक्या खुर्चीला लावा बरं.”

“बसतेय, मावशी. चार बोटं जागा उरते.”

“मग हीच द्या.”

“पोचवायचं टेम्पोभाडं वेगळं पडेल.”

“ते पुतण्या देईल. काकांची लय काळजी हाय त्याला.”

खुर्चीचे पैसे काकूंनी शेवंती विकून साठवलेल्यातून दिले. टेम्पोचे संतोषनं.