रावजीकाकांची काहीच खबर नाही

आणि वर सगळी वाडी मलाच विचारते, "ऋत्विक, मग तू वकील झालास तो कशाला रे?" अहो, कशाला म्हणजे? लोकांना कायदा कळावा म्हणून! रत्नागिरीला पाच वर्षं घासली, बरोबरचे सगळे मुंबईला मोठमोठ्या ऑफिसांत चिकटले, मी बुरोंडीला परत आलो आणि दाराशी पाटी लावली, 'कायदा व कर सल्ला, मोफत'. येईल त्याला पहिलं वाक्य ठरलेलं... घाबरू नका, कायदा अगदी सोपा आहे! पॅनवर नाव एक नि आधारवर दुसरं? सोपं आहे. घरपट्टी अजून पणजोबांच्या नावाने येते? सोपं आहे. रिटर्न भरला नाही तर पोलीस येतील का? नाही येत हो, बसा, पाणी घ्या... तुम्हाला सांगतो, सहा महिने काय रुबाब होता माझा! आणि मग आली वेदिका.

वेदिका म्हणजे माझी चुलत बहीण, शेजारचंच घर. मधे एक भिंत, आणि त्यांची पडवी माझ्या पायरीवरून चार पावलांवर. तिला मागच्या खोपीत कोकम सरबताचा छोटा कारखाना काढायचा होता. यंत्र ठरलं, बाटल्या ठरल्या, नाव ठरलं. पण विजेचा मीटर घ्या, परवाना घ्या, जीएसटीची नोंदणी घ्या, जिथे जाईल तिथे एकच कागद मागतात, घरमालकाचं संमतीपत्र. घरमालक कोण? रावजीकाका, तिचे वडील. आणि रावजीकाका कुठे आहेत? तेच तर!

वेदिका आली त्याच्या अकरा वर्षं आधी काका बोटीवर गेले. बोट परत आली, बाकीची माणसं परत आली, काका नाही आले. कोणी म्हणालं वाऱ्यात पडले, कोणी म्हणालं वेरावळला उतरले ते चढलेच नाहीत. पोलिसांत 'बेपत्ता' अशी नोंद, बस्स. तुळसाकाकूने कुंकू पुसलं नाही आणि सर्वपित्रीला त्यांचं पान काढलं नाही. वेदिका मला म्हणाली, "दादा, एकतर बाबांची सही आण, नाहीतर ते गेल्याचा दाखला आण. दोन्ही जमत नसेल तर मी चालले अंधेरीला, नोकरीचं पत्र आलंय." आता ही गेली की त्या घरात काकू एकटी! मी म्हटलं, थांब. कायदा अगदी सोपा आहे! ज्या माणसाची सात वर्षं काही खबर नाही, ज्यांना खबर लागायला हवी त्या घरच्यांनाही नाही, त्याला कोर्ट मयत धरू शकतं. आपली तर अकरा झालीत, चार वर्षं जास्तच आहेत!

लावला दावा. पेपरात नोटीस दिली, काकूचं प्रतिज्ञापत्र केलं. वाचून दाखवलं हो मी तिला! "सात वर्षांहून अधिक काळ पतीची कोणतीही खबर नाही." काकू सुकट निवडत बसलेली, मान वर न करता म्हणाली, "हां हां, लिही काय ते." सही केली. मला काय माहीत?

दीड वर्षाने साक्षीची तारीख लागली. काकू ठेवणीतली साडी नेसून उभी. न्यायाधीश मॅडम चांगल्या, समजूतदार. त्यांनी प्रतिज्ञापत्र चाळलं आणि सहज विचारलं, "तुळसाबाई, गेल्या सात वर्षांत यजमानांची काही खबर?"

"खबर नाय," काकू म्हणाली. मी श्वास सोडला. "खबर कशाला येईल? ते स्वतःच येतात की."

तुम्हाला सांगतो... टाइप करणाऱ्या माणसाची बोटं तिथल्या तिथे थांबली.

"कोण येतं?"

"हेच. दिवेलागणीला पडवीत येतात, खोकतात. दोन लहान, एक लांब. मी पाण्याचा तांब्या ठेवते. मग जातात."

"तुम्ही पाहिलंत त्यांना?"

"नवरा घरी आला तर बॅटरी मारून बघायचं का बाई?"

"म्हणजे... ते जिवंत आहेत?"

"ते मी नाय विचारलं. असं विचारतं का कोण नवऱ्याला?"

मी मागून कुजबुजलो, "काकू, शपथेवर आहेस तू!" तर भर कोर्टात माझ्याकडे वळून म्हणते, "म्हणून तर खरं सांगतेय मेल्या!"

म्हटलं जाऊ दे, दुसरा साक्षीदार आहे ना! वाडीतला गंगाराम आजा, ऐंशीच्या घरातला, पाहून-सवरून आणलेला. तो काय सांगतो? "येतो की रावजी. मी हाक मारतो, पण ओ देत नाय. पहिल्यापासूनच तिरसट." मॅडमनी पेन खाली ठेवलं. "वकीलसाहेब, साक्षीदारांशी आधी बोलत चला." पुढची तारीख!

एसटीत मी नुसता फणफणलो. मला आधी का नाही सांगितलं कोणी? तर आजा म्हणतो, "तू कधी विचारलंस?" आणि खरंच की हो! रेशनकार्ड विचारलं, आधार विचारलं, पोलिसांचा कागद विचारला... 'काका घरी येतात का?' हे नाही विचारलं. कुठल्या अर्जात तसा रकाना असतो, सांगा मला!

पण मी बारावी सायन्सवाला. मी असल्या गोष्टी मानत नाही. आमच्या घराण्यात सगळ्यांचं नाक एक आणि खोकला एक. मी म्हटलं, आमचे बाबाच खोकत असणार आणि हिला भिंतीपलीकडून ऐकू येत असणार. पुरावा गोळा करू! त्याच संध्याकाळी फोनवर रेकॉर्डिंग लावून पायरीवर बसलो. दिवे लागले. माडांची सळसळ थांबली. आणि पडवीत... दोन लहान. एक लांब.

तेव्हा कुठे आठवलं, बाबा तर तीन दिवसांपासून ठाण्याला, ताईकडे.

रेकॉर्डिंग मी नंतर दहा वेळा ऐकलं. त्यात समुद्र आहे. आणि शेवटी घाबरलेल्या आवाजात मी आहे, "काका?" बाकी काही नाही.

तरी मी हरलो नाही! दुसऱ्या दिवशी काकूसमोर बसलो आणि समजावलं. काकू, कायदा अगदी सोपा आहे. कोर्टाला सात वर्षं हवीत, ज्यांत त्यांची कसलीही चाहूल नको. काकूने हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे सात वर्षं हे नाय आले, तर वेदूचं काम होईल?" मी म्हटलं, हो. कायद्याने होईल. काय शहाणा मी!

दिवेलागणीला तिने पडवीत नारळ ठेवला, दिवा ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं. मी पायरीवर होतो, प्रत्येक शब्द ऐकला. "अहो, ऐका. पोरीचं काम अडलंय. कोर्टाला सात वर्षं तुमची खबर नको. तेवढी सात वर्षं येऊ नका. काम झालं की या. मी हाय." आणि पाण्याचा तांब्या उचलून आत नेला.

दुसऱ्या संध्याकाळी काही नाही. तिसऱ्या नाही. चौथ्या नाही. काकू दिवेलागणीला दार लावून आत बसायला लागली, आणि एवढं ते घर शांत... अहो, इतकी भीती मला त्या खोकल्यानेही नव्हती वाटली! अंधेरीहून पुन्हा पत्र आलं म्हणून वेदिकाने बॅग भरलेली, ती तिने परत रिकामी केली. म्हणाली, "दादा, माझ्यासाठी हिने बाबांनापण घालवून दिलं. आता मी कशी जाऊ?" म्हणजे बघा, दाखला नाही, मीटर नाही, कारखाना नाही, पण पोरगी राहिली. घरच्या चुलीवर वाडीपुरतं सरबत करते. कायद्याने नाही राहिली हो, कायदा न जमल्यामुळे राहिली! हे मी कुठल्या पाटीवर लिहू?

आणि मग आठव्या दिवशी मला सर्दी झाली. नुसती सर्दी! दिवेलागणीला काकूच्या पडवीवरून जात होतो, घसा खवखवला आणि आला खोकला. घराण्याचाच तो... दोन लहान, एक लांब.

आतून काकूचा आवाज, "अहो! सात वर्षं म्हटलं ना मी? आठ दिवस पण नाय झाले!"

ओरडत होती हो ती. पण आवाज कसा होता म्हणून सांगू... इतक्या वर्षांत तिला इतक्या आनंदात मी ऐकलं नव्हतं. मागोमाग भांड्यांचा आवाज, कडी निघाली, तांब्या बाहेर आला. मी भिंतीला चिकटून अंधारात उभा. खरं बोलायची शपथ घेतलेला माणूस मी! 'काकू, मी आहे' एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं.

आता ती रोज तांब्या ठेवते आणि रोज रागावते. सात वर्षं रोज दिवेलागणीला पहिल्यापासून सुरू होतात. परवाच कोर्टाची तारीख होती, मी पुढची मागून घेतली. मॅडमनी विचारलं, "वकीलसाहेब, कारण?"

म्हटलं, प्रकृती बरी नाही. खोकला जात नाही.

सर्दी काय हो, चार दिवसांतच बरी झाली होती.