बैलाच्या दातातला घटसर्प

साकोलीच्या बस स्टँडवर कौशल्याबाई साड्यांचं गाठोडं घेऊन लाखनीच्या गाडीची वाट पाहत होत्या. शेजारच्या बाकावर सानगडीचे म्हातारे मारोतराव आणि प्रयोगशाळेतली दामिनी बोलत होते.

"दीडशे वर्सं तलावाच्या चिखलात होते ते आमच्या पाच बैलाईचे दात. त्यात रोग कसा दिसला तुले?"

"दाताच्या आत रक्त खेळतं ना, काका. मरताना रक्तात जे जंतू होते, त्यांच्या डीएनएचे तुकडे आतच राहिले. दात कोरून आम्ही तेच काढले."

"आताचे जंतू नसतीन कायवरून?"

"जुना डीएनए झिजून तुटलेला असतो. दोनदा तपासलं. पाचही बैलांत एकच रोग निघाला. गुरांचा घटसर्प."

"म्हंजे जहर नाही?"

"रक्तात एवढा घटसर्प असला, की जनावर दिवसभरही टिकत नाही."

"आमच्या पणज्यानं गायक्यावर आळ घेतला, पोरी. फागूनं गुरं चारताना जहर देलं म्हणून त्याले लेकराबाळासंग गावातून काढलं."

लाखनीची गाडी सुटली. ऐकण्यात गुंतलेल्या कौशल्याबाई जागच्या हलल्या नाहीत.

"एवढ्याशा दातातून हे काढलं तू! धन्य हाय तुही, माय. हा तपासणीचा कागद मी नेऊ काय?"

"तुमच्यासाठीच मराठीत लिहून आणला. पण काका, सानगडीची गाडी लागली तुमची."

"जाऊ दे. फागूचे पणतू-खापरपणतू आंबागडले राह्यते. तिकडची, तुमसरची गाडी धरतो."

"तिथं काय सांगाल?"

"आधी त्याईच्या घरचं पानी मागून पेतो. मंग कागद वाचून दाखवतो."