ताप उतरल्यानंतर

कुमुद : पण ताप उतरलाय ना ह्यांचा? मग आता तरी ते औषध बंद करा, डॉक्टर.

डॉ. वृंदा : काकू, ताप उतरलाय. जंतू अजून रक्तात आहे. सकाळीच रिपोर्ट आला.

विनायक : आणि किडनी? पाच दिवसांत क्रिएटिनिन एकवरून साडेतीन! पित्ताशयातला खडा काढायला आले होते बाबा, गाझियाबादहून मेट्रोने, स्वतःच्या पायांनी!

डॉ. वृंदा : कोलिस्टिन किडनीला त्रास देतं, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

विनायक : मग दुसरं द्या ना! दिल्लीत काय औषधांचा दुष्काळ पडलाय?

डॉ. वृंदा : लॅबने एकोणीस औषधं तपासली. हा जंतू अठरांना जुमानत नाही. उरलं ते हे एकच. अजून पाच दिवस द्यावंच लागेल. डोस कमी करते, पण लघवी थांबली तर डायलिसिस. दोन्हींसाठी सही हवी. आत्ता.

विनायक : नाही दिली तर?

डॉ. वृंदा : अर्धवट थांबवलं, तर उरलेले जंतू यालाही दाद देणार नाहीत. मग माझ्या हातात काहीच नाही.

विनायक : वा! इन्फेक्शन तुमच्याच आयसीयूत लागलं, आणि सही आम्ही करायची?

डॉ. वृंदा : बहुतेक इथेच लागलं. मी नाकारत नाही.

विनायक : मग केस करतो मी. अठरा औषधं फेल कशी होतात? बाबा तर साधी डोकेदुखीची गोळी घेत नाहीत.

कुमुद : विनू, हळू बोल. लोक बघतायत.

डॉ. वृंदा : काकू, गेल्या काही वर्षांत त्यांना अँटिबायोटिक दिलं होतं का? फॉर्मवर ‘नाही’ लिहिलंय.

विनायक : मी लिहिलंय. आईला विचारून.

(कुमुद पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहते.)

कुमुद : खोटं आहे ते.

विनायक : आई?

कुमुद : लघवीला जळजळ व्हायची ह्यांना. तीन वर्षांत पाच-सहा वेळा तरी. डिस्पेन्सरीतून सात दिवसांच्या गोळ्या मिळायच्या. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं, की मी बंद करायची. गरम पडतात ना! उरलेल्या डब्यात. पुढच्या वेळी डिस्पेन्सरीची रांग कशाला, म्हणून डब्यातल्याच द्यायची.

विनायक : तो आपल्या गणपती मंडळाचा औषधांचा डबा?

कुमुद : तोच. मंडळात कुणाचा ताप गेला, की उरलेल्या गोळ्या माझ्याकडे. गणपतीत कुणी आजारी पडलं, तर माझ्याकडूनच न्यायच्या. डॉक्टरीणबाई म्हणायचे मला सगळे. मेलं, किती बरं वाटायचं ऐकून!

विनायक : आणि मी फॉर्म भरताना तू गप्प बसलीस?

कुमुद : लाज वाटली रे.

विनायक : लाज? अगं, बाबा आत मरतायत आणि तू...

डॉ. वृंदा : विनायक, बास! सिस्टर, दो मिनट, आ रही हूँ. काकू, हा जंतू तुमच्या डब्यातून आला, असं मी म्हणणार नाही. पण अर्धवट औषधांनीच असे जंतू चिवट होतात. चूक कुणाची, ते नंतर बघू. मला सही हवी.

कुमुद : एक खरं सांग, बाळ. तुझे वडील आत असते तर?

डॉ. वृंदा : पूर्ण केलं असतं. घाबरत घाबरत, पण पूर्ण केलं असतं.

विनायक : आई, विचार कर. जन्मभर मशीनवर राहावं लागलं, तर बाबा माफ करणार नाहीत.

कुमुद : तुला कशाला माफ करायला हवं? सही मी करतेय. कुठे करू?

डॉ. वृंदा : इथे. खाली नातं लिहा.

कुमुद : आणि तो पहिला फॉर्मही आण गं. त्यावर लिही, गोळ्या घेतल्या होत्या, बायकोने मध्येच थांबवल्या होत्या.

विनायक : राहू दे ना आता ते. बाबांना कळलं तर किती चिडतील, माहितीये ना?

कुमुद : चिडू देत. महिनाभर बोलले नाहीत माझ्याशी तरी चालेल. फक्त चिडायला उठू देत.