शून्याखालची टीप

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपले संचालकसाहेब, व्यासपीठावरच्या डॉक्टरीणबाई, वर्कशॉपमधले सगळे कारागीर, आणि ज्यांच्यासाठी आपण इथं जमलो त्या आमच्या टीपबाई! हे भाषण लिहायचं मी इतकं टाळलं, की शेवटी बाईंनीच हटकलं, "अगं, निरोप माझा आहे, तुझा नाही. लिही की चार शब्द!" ते आज सकाळी चहा पिता पिता लिहिलेत. माझं अक्षर मलाच लागत नाहीये, तेव्हा अडखळले तर सांभाळून घ्या.

बाईंचं काम नेमकं काय, हे इथल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसेल. मलाही नव्हतं. शाळा अर्धवट टाकून मी बोटीवर भांडी घासली, मग एका थिएटरात पडदे शिवले. त्या थिएटरातल्या मांजराची गोष्ट फार छान आहे, पण ती राहू दे.

तर, आपण कृत्रिम पाय बनवतो. पाय हवा असलेल्या प्रत्येक माणसाची डेटाबेसमधल्या एका यादीत, तिला टेबल म्हणतात, एक ओळ असते. रोज सकाळी आपला एआय एजंट एका छोट्या टूलला विचारतो, किती जण थांबलेत? या एजंटला वर्कशॉपमध्ये जावईबापू म्हणतात, कारण त्याला सगळं आयतं लागतं आणि त्याची चूक कुणी दाखवत नाही. टूल ओळी मोजून आकडा देतं. त्या आकड्यावर ठरतं, प्लास्टर किती भिजवायचं आणि कामावर कुणी यायचं. आता हे टूल नेमकं काय करतं, हे जावईबापूंना कसं कळणार? डॉक्युमेंटेशनमध्ये, म्हणजे टूलच्या वर्णनात, लिहिलेलं असेल तेवढंच कळणार. ते लिहायचं काम बाईंचं.

बाईंनी आधी एकच वाक्य लिहिलं होतं : ‘हे टूल टेबलमधल्या ओळी मोजून संख्या देतं.’ साहेबांनी भर मीटिंगमध्ये कौतुक केलं. एजंट ते वर्णन दर वेळी नव्यानं वाचतो. जितकं लांब, तितका खर्च. साहेबांचं म्हणणं चूक नव्हतं. ते शेजारी बसलेत म्हणून म्हणत नाहीये.

मग एका सोमवारी कुणीतरी सुरक्षेसाठी परमिशन बदलल्या आणि ते टेबल एजंटला दिसेनासं झालं. टूलनं दिसतील तेवढ्या ओळी मोजल्या. शून्य. जावईबापूंनी लगेच कळवलं, ‘कुणीही थांबलेलं नाही. वर्कशॉप बंद ठेवता येईल.’ कारागीर आनंदानं घरी गेले. नाही म्हणू नका, मी बघितलंय.

त्याच वेळी गेटवर एक बसड्रायव्हर काका आले, कुबड्या घेऊन. त्यांच्या पायाचं माप घ्यायचं होतं. रखवालदारानं स्क्रीन बघितली.

"यादीत कुणीच नाही, काका."

"कुणीच नाही? मग मी कोण?"

"ते मी कसं सांगणार?"

काका कुबड्या वळवून निघून गेले. नंतर फोन उचलेनात. बाई स्वतः त्यांच्या घरी गेल्या, तर सुनेनं दारातूनच सांगितलं, "मामंजी म्हणतात, तिथं माझी गणतीच नाही. आता ते नाही येणार."

प्रोग्रामर बाईंना म्हणाला, "मावशी, टूलच सुधारतो. परमिशन नसेल तर शून्य न देता तसं स्पष्ट सांगेल." तो अजून म्हणतोच आहे. तो बघा, मागे हसतोय. तोवर बाईंनी वर्णनाखाली टीप जोडली : ‘शून्य आलं तर "कुणी नाही" असं कळवू नये. टेबल बघायची परमिशन आहे का, ते आधी तपासावं.’ वर्णनं छोटी करायच्या प्रत्येक साफसफाईत ती टीप कापली जायची आणि बाई ती परत चिकटवायच्या. टीपबाई हे नाव पडलं ते त्यावरून.

मी एकदा विचारलं, "बाई, एवढं काय आहे त्या टिपेत?"

"टूल खोटं बोललं नाही, एजंटही नाही. मी अर्धंच सांगितलं होतं," म्हणाल्या, आणि चष्मा पुसत बसल्या.

उद्यापासून ते काम माझ्याकडे येतंय. वर्णन पुन्हा एका वाक्याचं कर, असं साहेबांनी कालच सांगितलंय. भेट काय हवी, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या होत्या, "ती टीप राहू द्या." आपण भिंतीवरचं घड्याळ आणलं. घड्याळ छान आहे. पण साहेब, ती टीप मी काढणार नाही, हे सगळ्यांसमोर सांगून टाकते. नोकरी गेलीच तर ते मांजर मला ओळखतं.

तुम्ही इतका वेळ ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, तर ते मनात नव्हतं असं समजू नका. मला दिसलं नाही, एवढंच समजा.

एक मिनिट, रखवालदारांनी चिठ्ठी पाठवलीय. वाचते. ‘बसड्रायव्हर काका आलेत. टीपबाई जायच्या आत माप द्यायचं म्हणतात. स्क्रीनवर आजच्या पाहुण्यांच्या यादीत शून्य दाखवतंय. काय करू?’

साहेब, काय कळवू? … साहेब उठलेच. गेटकडे जाता जाता म्हणाले, "टीप राहू दे." बाई, तुम्ही तरी बसा, सत्कार व्हायचाय… नाही, त्याही निघाल्या. डॉक्टरीणबाई, जरा वाट द्या त्यांना.

काका आलेत.