वजूच्या हौदाचं पाणी

हिना : अब्बा, या कागदावर तुम्ही सही करायची नाही.

याकूब : कमिटीनं पाठवलाय. मशिदीच्या इतिहासाची पाटी गावातल्या जुन्या मानसाला दाखवल्याबिगर बसवत नाय. वाचला, आता सही करतो. संपलं.

हिना : वाचलात ना? मग हे काय आहे? ‘नमाजापूर्वी वजू करण्याच्या हौदाला पाण्याची सोय एका अरबी घोडेव्यापाऱ्याने केली. त्याचे गलबत वादळातून वाचले होते.’ कुठला अरब, अब्बा? लहानपणापासून मला सांगत आलात की हौद तुमच्या दादीनं भरला.

याकूब : हळू बोल. शेजारी ऐकू जातं.

हिना : पाटीचा मजकूर लिहिणाऱ्या दिनानाथ सरांना ही गोष्ट सांगितली कोणी?

याकूब : मी.

हिना : चुकून?

याकूब : चुकून कशाला. मुद्दाम सांगितली.

हिना : पण का?

याकूब : पस्तीस वर्षं झाली, हिना. सोपाऱ्यात कोनी मशीद बघाया आला, कॉलेजची पोरं आली, की लोक सांगायचे, याकूबभाईला गाठा. मी सागाच्या तुळया दाखवायचो, लोक मान वर करून ऐकायचे. मग हे सर रिटायर झाले. बोळिंजला ब्लॉक घेतला आनि आले वही घेऊन. वर्षभर माझ्याच ओटीवर बसले, माझाच चहा प्याले, मी बोललो ते छापलं. कमिटीनं शाल कोनाला घातली? आयत्या बिळावर नागोबा.

हिना : म्हणजे जळलात तुम्ही.

याकूब : जळलो. खोटं कशाला बोलू? ते शाल घेत होते नि मी दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतो. घरी आलो तर घास उतरला नाय. पंधरा दिवसांनी परत हजर. पाटी करायचीय, हौदाचं तेवढं राहिलंय, सांगा. म्हटलं, घे अरब.

हिना : आणि दादी?

याकूब : ती माझ्याजवळ राहिली. सगळं त्यांनी नेलं. ती नाय दिली मी.

हिना : एकदा का ही पाटी भिंतीत बसली की माझ्या मुली हा अरबच पाठ करतील. मग तुमची दादी कुठे राहणार? तुमच्या पोटात?

याकूब : कधीतरी कळेल लोकांना की सर चुकले.

हिना : कोणाकडून कळेल? ते डोळ्यांनी पाहिलेले तुम्ही एकटे. आणि तुम्ही तर सही करताय.

याकूब : गप. तेच येतायत बघ.

(दिनानाथ सर चपला पायरीवर काढून ओटीवर येतात. हातात दुसरा कागद.)

दिनानाथ : भर उन्हात आलो, याकूबभाई, माफ करा. पाथरवट खोळंबलाय. तुम्हाला पाठवलेल्या मजकुरात मी शेवटी एक ओळ वाढवली आहे. ती बघा आणि सही या कागदावर करा.

याकूब : कसली ओळ?

दिनानाथ : ‘हा इतिहास याकूबभाईंनी जतन केला.’ कमिटी माझं नाव घालणार होती, मी नको म्हटलं.

याकूब : माझं नाव? दगडावर?

दिनानाथ : शाल घेतानाच मला लाज वाटली होती. खरं सांगू का? मला तुमचा हेवा वाटतो. माझ्या पुस्तिकेचे गठ्ठे घरी पलंगाखाली पडून आहेत. तुमच्या तोंडून ऐकलेलं मात्र लोक घरी जाऊन सांगतात.

हिना : करा अब्बा. आता करा सही, त्या अरबाच्या खाली तुमचं नाव.

याकूब : सर, बसा जरा. तो अरब नव्हता.

दिनानाथ : नव्हता म्हणजे?

याकूब : मी बनवला. तुमचं हसं व्हावं म्हनून. मशिदीच्या मागच्या भिंतीला लागून आमची विहीर होती. माझी दादी पहाटे फजरच्या नमाजाआधी उठायची नि पायरहाट चालवायची. पायांनी. पानी पाटातून भिंतीतल्या भोकानं हौदात पडायचं. नळ येईपर्यंत, तेवीस वर्षं. बाईमानूस, मशिदीत तिनं कधी पाऊल टाकलं नाय. तो हौद तिनं बघितलासुद्धा नाय. भरला का, ते भिंतीला कान लावून ओळखायची.

दिनानाथ : वर्षभर मी इथं येऊन बसलो. तुम्ही हे सांगितलं नाहीत.

याकूब : तेवढंच राहिलं होतं माझ्याकडं.

दिनानाथ : रागवायला हवं मी तुमच्यावर. रागावलोही आहे. पण ते नंतर. हिना, पेन दे बेटा. हा अरब आधी खोडू. इथं त्यांचं नाव घालायचं. काय नाव होतं?

याकूब : दादी म्हनायचो आम्ही.

दिनानाथ : ते घरातलं झालं.

याकूब : गावात रहाटवाली म्हनायचे.

दिनानाथ : याकूबभाई, दगडावर कोरायचंय. त्यांचं स्वतःचं नाव सांगा.

याकूब : हिना?

हिना : मला तुम्ही सांगितलंत तेवढंच माहीत, अब्बा.

याकूब : सर, मी तिला कधी विचारलंच नाय.